नोंदवहीत नसलेलं बोट

माझ्या खोलीत तिघांचंच चालायचं: लेसरचं, नोंदवहीचं आणि माझं. जतची एक पोरगी आली आणि तिनं आम्हा तिघांनाही कामाला लावलं. तिचं कौतुक करायला बसलोय खरा, पण ते करताना माझी फजितीही सांगावी लागणार. सांगतो. आता लपवून तरी काय करू?

मी फौजेतला माणूस. सिग्नलची उपकरणं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो, मलकापूरशेजारच्या आमच्या गावी आलो आणि भावांबरोबर उसाकडं बघत बसलो. ऊस काय, पाणी सोडलं की वाढतो, त्याला माझी गरज कुठं होती? सहा महिन्यांत मी घरातल्या सगळ्यांवर खेकसायला लागलो. शेवटी बायकोच म्हणाली, "आवं, जावा की कुठंतरी कामाला. आमाला जरा निवांत ऱ्हाऊ द्या." म्हणून सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी धरली.

तिथं हे लेसरचं यंत्र होतं. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी मला त्याचं काम समजावून दिलं. कुठलाही पदार्थ घ्या, साखर, औषधाची गोळी, दगड. त्यातले रेणू सतत थरथरत असतात आणि प्रत्येकाची थरथर वेगळी. हिरव्या लेसरचा उजेड त्यावर टाकला की बहुतेक उजेड आला तसाच परत फिरतो. अगदी किंचित उजेड मात्र त्या थरथरीमुळं रंग बदलून येतो. तो मोजला की पदार्थ कोणता ते कळतं. फोडायला नको, विरघळवायला नको. मी म्हटलं, आयला, हे तर लय भारी! अडचण एकच. तो बदललेला उजेड इतका थोडा, की यंत्राला एकेका बिंदूकडं टक लावून बसावं लागायचं. एक बिंदू झाला की केसभर सरकायचं, परत टक लावायची. बोटाच्या पेराएवढ्या नमुन्याचा नकाशा काढायला दोन दोन दिवस जायचे.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. सावकाश चालणारं यंत्र बिघडत नाही, असं माझं मत होतं. खोलीचे नियम मीच केलेले. चपला बाहेर. लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही. नमुना ठेवायच्या काळ्या पाटाला कापड लावायचं नाही, चरे पडतात. रबरी फुग्यानं नुसती हवा मारायची. घरचं कुणाचं काही आणून तपासायचं नाही. आणि यंत्राला ज्यानं हात लावला त्यानं वहीत लिहायचं: तारीख, वेळ, कशासाठी, सही. प्राचार्य आले तरी सही. त्या वहीतली एक ओळ कधी चुकली नाही, हा माझा तोरा होता.

जतची पोरगी पीएचडीसाठी आली ती पहिल्याच दिवशी पिशवीतून काडेपेटी काढून माझ्यासमोर धरून उभी राहिली. आत कापसावर तपकिरी, खरबरीत असं काहीतरी ठेवलेलं.

"मामा, ह्यो मुतखडा हाय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"अप्पांचा. वडलांचा माझ्या."

"बाई गं, लोक पहिल्या दिवशी पेढे आणत्यात!"

ती हसली नाही. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी ज्वारीही. बाप दिवसभर उन्हात मेंढरांमागं, पाणी पिणार थोडं, ते पण बोअरचं जड नाहीतर टँकरचं. खडे झाले तीन वेळा. मिरजेच्या दवाखान्यात एक काढला, तपासायला पाठवला, तर कागदावर एकच शब्द आला: मिश्र. आता पोटात चौथा बसलेला. खडा थराथरानं वाढतो, ती मला सांगत होती. सुरुवात ज्या गाभ्यापासून झाली तो कशाचा आहे हे कळलं, तर डॉक्टर नेमकं औषध देऊ शकतात, पथ्य सांगू शकतात. नाहीतर काढत राहायचं आणि परत व्हायची वाट बघायची. म्हणून तिनं विषयच हा घेतला होता.

मी काडेपेटी बंद करून तिच्या हातात परत दिली. "घरचं हितं तपासत न्हाई. नियम हाय."

दुसरी कुणी असती तर तोंड वाकडं करून मॅडमकडं गेली असती. ही म्हणाली, "बरं मामा. पण माझं काम पार पडलं, पीएचडीच्या समितीनं मान्य केलं, मग?"

"मग बघू."

मिरजेच्या त्या दवाखान्यातून तिला खडे मिळणार होते, प्लास्टिकच्या डब्या भरभरून. एका खड्याला दोन दिवस, आणि यंत्र तिच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस. म्हणजे तिची पीएचडी संपेस्तोवर माझी नातवंडं कॉलेजला आली असती. तिनं आठवडाभर काही केलं नाही, नुसती यंत्राजवळ बसून बघत राहिली. मग एक दिवस लेसरच्या तोंडापुढं लावलेल्या काळ्या काचेवर बोट ठेवून तिनं विचारलं, "मामा, ही कशाला?"

"उजेड अडवायला. सगळा लेसर एका बिंदूवर पडला तर खडा करपंल."

"म्हंजे आपण लेसर पेटवतो आन त्यातला बहुतेक अडवून टाकतो?"

"व्हय."

"सगळा वाया?"

तिचा चेहरा असा झाला, की जणू टँकर आलाय आणि नळाखाली कुणी घागरच धरली नाही. त्या बाजूची माणसं काही वाया गेलेलं बघू शकत नाहीत. आमच्या उसाच्या पट्ट्यात पाटाचं पाणी रस्त्यावर आलं तरी आम्ही त्यातून गाडी घालतो.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला म्हणाली, "मामा, तुमी कवा ज्वारी पेरलीय?"

"आमी उसवाले. आमाला काय ठाऊक ज्वारी!"

"तरीच. एकेक दाणा टोकत बसलं तर रान कवा व्हायचं? आमी कुरीनं पेरतो. कुरीला चार फण. एका फेरीत चार ओळी. ह्यो लेसर टोकत बसलाय. त्याला कुरी लावायची."

तेव्हा मी हसलो. पण तिनं खरंच लावली. नळी उभी चिरावी तशा आकाराचं एक भिंग तिनं मागवलं. ते वाटेत ठेवलं की लेसरचा बिंदू पसरून त्याची बारीक रेघ व्हायची. मग रेघेवरचे शेकडो बिंदू एकदम वाचायचे, कारण पलीकडच्या कॅमेऱ्यात तेवढ्या ओळी आधीपासूनच होत्या, कुणी वापरत नव्हतं इतकंच. आणि उजेड रेघेभर विभागला गेला की खडाही करपत नाही. मग काळी काच काढून टाकायची, सगळा उजेड कामाला! मी फौजेत मोठमोठी डोकी पाहिली आहेत. पण पडून असलेल्या गोष्टी नुसत्या बघून ओळखणारं असं डोकं विरळाच.

जुळवणी करायला तिला दीड महिना लागला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पाठीत वाकलेली, एक स्क्रू केसभर फिरवायचा, बघायचं, लिहायचं, परत मागं घ्यायचा. 'असंल बहुतेक' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि प्रत्येक वेळी वहीत सही. पानंच्या पानं तिच्या सहीनं भरली. गणपती उठले त्या आठवड्यात तिनं दवाखान्यातल्या एका खड्याची पातळ चकती काचेच्या पट्टीवर चिकटवली, पट्टी पाटावर ठेवली आणि मला म्हणाली, "मामा, चहा घेऊन येऊ या." आम्ही चहा घेऊन परत आलो तर पडद्यावर अख्खा खडा थरांसकट तयार! दोन दिवसांचं काम पंचवीस मिनिटांत. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण तोंडानं मी काय म्हणालो? "घाईचं काम हाय. टिकंल का बघू." असा मी माणूस.

मग आली खंडेनवमी.

फौजेत आम्ही त्या दिवशी हत्यारांची पूजा करायचो. रायफल पुसून, ओळीनं मांडून, हळदकुंकू, फुलं. ती सवय सुटत नाही. माझं हत्यार आता हे यंत्र. दरवर्षी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी दाराला झेंडूची माळ घालतो, यंत्राच्या झाकणाला हळदकुंकू लावतो, बाहेर नारळ फोडतो. त्या वर्षी मन जरा जास्तच भरून आलं होतं. या पोरीनं आपल्या यंत्राला नवं आयुष्य दिलं असं वाटत होतं, तिला बोलून दाखवायचं धाडस नव्हतं, म्हणून यंत्रालाच दाखवलं. झाकण उघडलं आणि जिथं नमुना बसतो त्या काळ्या पाटालाही अनामिकेनं ओली हळद टेकवली. हात जोडले. संध्याकाळी माळ काढली, पाटावर रबरी फुग्यानं हवा मारली. काळ्यावर काही दिसत नव्हतं. झालं स्वच्छ, असं म्हणून घरी गेलो.

दसरा उरकून ती गावाहून परत आली आणि कामाला बसली, तर नकाशाचा पत्ता नाही. सगळ्या पडद्यावर नुसता उजेडाचा फुगारा, खड्याची खूण त्यात बुडून गेलेली. तिनं खडा बदलला, भिंग बदललं, स्क्रू परत पहिल्यापासून जुळवले. तोच फुगारा. जुन्या पद्धतीनं एकेक बिंदू वाचला तर मात्र सगळं ठीक! एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मॅडम म्हणाल्या, रेघेच्या पद्धतीतच दोष असणार, रेघ आजूबाजूचा नको तो उजेडही गोळा करते. समितीची बैठक येत्या सोमवारी होती. मॅडमनी तिला सरळ सांगितलं, तोपर्यंत जमलं नाही तर हा नाद सोडायचा, जुन्या पद्धतीनं चारदोन खडे तपासायचे आणि प्रबंध संपवायचा.

चारदोन खडे! तिच्या डोळ्यांपुढं दवाखान्याच्या बाकावर खडा हातात घेऊन बसलेली माणसं होती, आणि त्यात तिचा बाप होता. त्या दिवशी ती माझ्याकडं आली. "मामा, नवरात्राच्या आधी चांगलं चालत होतं. मधल्या काळात यंत्राला कुणी हात लावला का?"

मी वही उघडली. तिच्यासमोर एकेक ओळ बोट फिरवून वाचली. "कुणी न्हाई. बघ की. माझ्या वहीत चूक नसती पोरी. चूक तुझ्या घाईत हाय." हेच मी मॅडमनाही सांगून आलो होतो. आज आठवलं की वाटतं, स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झाल्यावर ती आली. पाटावरचा खडा काढला, काचेची पट्टीही काढली. "आता मोकळा पाट वाचायचा," म्हणाली.

"मोकळ्यात काय वाचणार, कपाळ?"

"यंत्र तीन आठवडं कायतरी सांगतंय मामा. आपण त्यालाच खोटं ठरवतोय. एकदा ऐकू तरी."

रेघ पाटावरून सरकायला लागली. पडद्यावर एकेक ओळ उमटत खाली येत होती. आधी काळोख. मग एक वाकडी उजळ रेघ, तिच्याखाली दुसरी, तिसरी, एकात एक बसलेल्या कमानी. अर्ध्या तासात पडद्यावर एका बोटाचा ठसा उभा राहिला, वळीन्‌वळी स्पष्ट. आणि त्या वळ्यांना मधोमध तिरका छेद देणारी एक काळी रेघ. तिनं एका ठिकाणची खूण तपासली आणि म्हणाली, "हळद हाय ही!" हिरव्या लेसरखाली हळद अशी पेटून उठते, की शेजारचं काही दिसू देत नाही. पट्टीखाली पाटावर ती बसली होती. एका बिंदूवर नेमकी नजर रोखणाऱ्या जुन्या पद्धतीला ती दिसतच नव्हती. तिच्या रेघेला दिसत होती, आणि आम्ही म्हणत होतो रेघ खोटी.

मी माझा उजवा हात हळूच खिशात घातला. दहा वर्षांचा असताना उसाच्या कोयत्यानं माझी अनामिका कापली होती, तिचा वण बोटावर तिरका आहे. तिनं पाट औषधी स्पिरिटनं पुसून घेतला, एक खडा ठेवला, नकाशा लख्ख आला. ती हसत होती, रडतही होती, आणि मी मेंगळटासारखा उभा. बोललो नाही. "कुणाचं तरी बोट लागलंय," ती म्हणाली, तेव्हाही नाही. उभ्या आयुष्यात ज्या वहीचा तोरा मिरवला ती खोटी निघाली होती, आणि ते तोंडातून निघेना. रविवारी घरात जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

सोमवारी समिती बसली. बाहेरून एक वयस्कर साहेब आले होते, पांढरी दाढी, आवाज शांत. पोरीनं सगळं मांडलं: वाया जाणारा उजेड, रेघ, पंचवीस मिनिटं. मग तीन आठवड्यांचे वाईट नकाशेही दाखवले. कुणी मागितले नव्हते तरी दाखवले. शेवटी पाटावरचा ठसा. साहेबांनी माझी नोंदवही मागवली, चष्मा चढवून पानं चाळली.

"वही फार नीट ठेवली आहे," ते म्हणाले. "आणि हिच्यात कुणीच हात लावलेला नाही. मग ही हळद आली कुठून? तीन आठवडे वाईट निकाल, दोन दिवस चांगले. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि लगेच नजर खाली घेतली. तेव्हा मला कळलं, तिला शनिवारपासून माहीत आहे. इतके महिने ती माझ्याशेजारी उभी राहून त्या वहीत सही करत होती, माझं बोट तिनं हजारदा पाहिलं होतं. तिचं सगळं पणाला लागलं होतं आणि तरी ती माझं नाव घेत नव्हती.

"ते बोट माझं आहे, साहेब." मी पुढं गेलो आणि अनामिका वर केली. "खंडेनवमीला पूजा केली. वहीत लिहिलं नाही, कारण पूजेला मी हात लावणं समजलोच नाही."

मॅडमनी तोंडावर हात धरला. साहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्या बोटाकडं, मग परत पडद्याकडं. "जुन्या पद्धतीनं हा डाग सापडला नसता का?" त्यांनी विचारलं. प्रश्न तिला होता, उत्तर मीच दिलं.

"एकेक बिंदू करत पाटभर फिरायला महिने लागले असते साहेब. आणि फिरवलंच नसतं कुणी. माझी वही बघून सगळे गप्प बसलो असतो. चूक घाईत आहे, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. चूक माझी होती. हिची रेघ खरी आहे."

साहेबांनी वही मिटली. पुढं त्यांनी तिला बरेच प्रश्न विचारले, मला त्यातले निम्मे कळले नाहीत, पण आवाजातला बदल कळला. दुपारी मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, पद्धत मान्य, मिरजेचे सगळे खडे करायचे.

ती खोलीत येऊन बसली तेव्हा मी तिच्यासमोर पाणी ठेवलं. माफी मागायला मला येत नाही. म्हणालो, "काडेपेटी आणलीयस का?"

"आवं मामा, घरचं तपासत न्हाई न्हवं?"

"समितीनं मान्य केलं तर बघू म्हटलेलो. आता बघतो."

काडेपेटी रोज तिच्या पिशवीत असायची. खड्याची चकतीही तिनं केव्हाच कापून, घासून तयार ठेवली होती. मी वही उघडली. आधी खंडेनवमीची राहिलेली ओळ लिहिली: पाटाला उजव्या हाताचं एक बोट लावलं, पूजेसाठी. खाली सही. मग आजची ओळ. हात दोनदा साबणानं धुतले, पुसले, आणि चकती पाटावर ठेवायला तिच्याकडं सरकवली तर म्हणाली, "तुमीच ठेवा."

मी ठेवली. या वेळी चहाला कुणी गेलं नाही. बाहेरचे थर एका जातीचे निघाले आणि मधला गाभा दुसऱ्याच, मोहरीएवढा, अगदी वेगळा. मग तिनं गावाकडं फोन लावला आणि कानडीत भराभर बोलायला लागली. मला त्यातलं 'अप्पा' आणि 'मामा' एवढंच कळलं. मधेच तिनं फोन माझ्या हातात दिला.

पलीकडं मेंढरांचा गलका चालला होता. मला वाटलं, म्हातारा खड्याचं विचारंल, औषधाचं विचारंल, मिरजेला कवा जायचं ते विचारंल.

"मामा," तो म्हणाला, "पोरगीचं खरं निघालं का?"

"खरं निघालं, अप्पा," मी म्हणालो. "पहिल्यापास्नं खरंच हुतं. आमालाच उशिरा दिसलं."